पाटी घ्यावी रात्री बघून!

समजा, तुमच्या शाळेसमोर ‘पुढे शाळा आहे’ असा बोर्ड लावायचं ठरलंय. सरपंच दोन बोर्ड घेऊन आले आणि म्हणाले, “बोला रे पोरांनो, यातला कुठला घेऊ?” दोन्ही बोर्ड त्रिकोणी, दोन्हींना लाल कडा, दोन्हींवर शाळेला निघालेली मुलं. एक साध्या रंगानं रंगवलेला, म्हणून स्वस्त. दुसऱ्यावर कसलातरी चकचकीत कागद चिकटवलेला, म्हणून महाग. भर दुपारी बघाल तर दोघांत डावं-उजवं करता येणार नाही. मग जास्तीचे पैसे कशाला घालवायचे?

उत्तर सांगते, पण त्यासाठी थोडं हिंडावं लागेल. माथेरान, कर्जत, खालापूर, बोरघाट आणि वाटेत एक चक्कर थेट चंद्रावर!

अक्षरांआधी आकार

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातूनच जातो. ९४.५ किलोमीटर लांबीचा हा रस्ता २००२ साली पूर्ण सुरू झाला. त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. आता गणित करा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. शंभर मीटरवर दिसलेली पाटी साडेतीन सेकंदांत मागेसुद्धा पडते! तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं पुढचा ट्रक बघायचा, आरसा बघायचा आणि पाटीही वाचायची. त्यातून तो पंजाबचा किंवा तमिळनाडूचा असला, तर मराठी अक्षरं वाचणार कशी?

म्हणून पाट्यांना चित्रं आणि आकार दिले. ही युक्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९०९ साली पॅरिसमध्ये काही देशांनी मिळून चार चिन्हं ठरवली: उंचवटा, वळण, चौरस्ता आणि रेल्वे फाटक. तेव्हाच्या मोटारींना या चारांचीच धास्ती होती म्हणा ना!

आज चिन्हं भरपूर झालीत, पण पाठ करायला आकार थोडेच आहेत. गोल पाटी हुकूम सोडते. लाल कडेचा गोल असेल तर बहुतेक वेळा ‘हे करू नका’, निळा गोल असेल तर ‘हे केलंच पाहिजे’. लाल कडेचा त्रिकोण म्हणतो, ‘सांभाळून, पुढे काहीतरी आहे’. चौकोनी पाटी नुसती माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप, कर्जत इतके किलोमीटर.

आता दोन हट्टी पाट्या बघा. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी असते आणि ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ची पाटी म्हणजे उलटा त्रिकोण. हे आकार दुसऱ्या कुठल्याच पाटीला देत नाहीत. का बरं? आपल्याकडचा जुलै आठवा. पाटीवर चिखल उडालाय, खालून वेल चढलाय, रंग दिसत नाही. तरी नुसत्या आठ कोपऱ्यांवरून कळतं की इथे थांबायचंय. पाटी मागून पाहिली तरी कळतं! गंमत म्हणजे अमेरिकेत ही अष्टकोनी पाटी १९५४ पर्यंत पिवळी होती. ऊन-पावसात टिकणारा चांगला लाल रंगच त्यांच्याकडे नव्हता.

रिकामा गोल आणि धूर सोडणारं इंजिन

आता एक कोडं. पांढरा गोल, त्याला लाल कडा आणि आत काहीच नाही. ना मोटार, ना सायकल, ना आकडा. चित्र काढायला विसरले की काय?

विसरले नाहीत. ‘कुठल्याच वाहनाला, कुठल्याच बाजूनं जायला बंदी’ असा त्याचा अर्थ. सगळ्यांनाच बंदी, मग चित्र कुणाकुणाचं काढणार? कर्जत तालुक्यातल्या माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. पुढे रुग्णवाहिका आणि अलीकडे आलेल्या ई-रिक्षा सोडल्या, तर पायी, घोड्यावर नाहीतर छोट्या रेल्वेगाडीनं. द्रुतगती मार्गावर मात्र बंदी निवडक आहे. तिथे दुचाकी, रिक्षा, बैलगाडी, ट्रॅक्टर आणि पायी चालणारे यांना मज्जाव. म्हणून तिथे चित्रं काढून सांगावं लागतं.

रेल्वे फाटकाच्या पाट्या दोन प्रकारच्या. फाटकावर माणूस असेल तर त्रिकोणात गेटचं चित्र. माणूस नसेल तर इंजिनाचं. आणि ते इंजिन कसलं? धुराडं असलेलं, वाफेचं! कर्जतवरून विजेच्या गाड्या १९२९ च्या सुमारास धावू लागल्या. तुमच्या आजोबांनीही रोजच्या प्रवासात वाफेचं इंजिन क्वचितच पाहिलं असेल. तरी पाटीवर तेच, कारण लांबून नुसती काळी आकृती दिसली तरी ते चटकन ओळखू येतं. लोकलचा डबा काढला असता तर तो बस वाटला असता, खोकंही वाटलं असतं.

कर्जत-खोपोली गाडीच्या खिडकीत बसलात, तर रुळांच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी शोधा. ती मोटरमनसाठी असते: पुढे फाटक आहे, शिटी वाजवा. ती दिसल्यावर थोड्याच वेळात शिटी ऐकू येते का, ते कान देऊन ऐका.

घाटातल्या पाट्या कशाला घाबरवतात?

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उतारावरच्या गाडीचं चित्र दिसतं. म्हणजे तीव्र उतार. शेजारी ‘गाडी न्यूट्रल करू नका’ असंही बजावलेलं असतं. डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकतात. पण गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे खेचून धरत असतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो. भरलेला ट्रक नुसत्या ब्रेकवर उतरवला की घासून घासून ब्रेक तापतात आणि फार तापले की पकडच सोडतात. पाटी हे सगळं समजावत बसत नाही. ती फक्त म्हणते: उतार!

दुसरं चित्र डोंगरावरून गडगडणाऱ्या दगडांचं. द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या जुलैत दरड कोसळली आणि २०२३ च्या जुलैत पुन्हा. कडेच्या कातळावर लोखंडी जाळ्या दिसतात ना, त्या याच दगडांसाठी.

आणि अंधार पडला…

आता सरपंचांच्या दोन बोर्डांच्या कोड्याकडे. रंगवलेली पाटी रात्री का दिसत नाही?

हेडलाइटचा प्रकाश साध्या रंगावर पडला की तो चारी दिशांना विखुरतो. ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत जेमतेम काही किरण परत येतात. बरं, मग आरसाच लावला तर? तोही कुचकामी. आरशावर प्रकाश तिरपा पडला की पलीकडे निघून जातो. आपल्याला हवंय ते वेगळंच. प्रकाश ज्या दिशेनं आला, त्याच दिशेला परत गेला पाहिजे.

कॅरम काढा. स्ट्रायकर कोपऱ्याजवळ असा मारा की तो आधी एका कडेला आणि लगेच दुसऱ्या कडेला आपटेल. (भोकात गेला तर डाव गेला!) तो जवळजवळ आल्या दिशेनंच परत येतो. थोडा डावीकडून मारा, थोडा उजवीकडून मारा; दोन्ही कडांना लागला की स्वारी परत तुमच्याकडे. कॅरम सपाट असतो म्हणून दोन कडा पुरतात. प्रकाश मात्र वर-खालीही जातो, म्हणून त्याला तिसरी भिंत लागते. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात, तसा कोपरा आरशांचा केला की झालं काम.

महागाच्या बोर्डावरच्या त्या कागदात असेच हजारो बारीक कोपरे दाबून बसवलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या कागदात कोपऱ्यांऐवजी काचेचे बारीक मणी असतात. प्रकाश मण्यात शिरताना वाकतो, मागच्या बाजूवर आपटतो आणि पुन्हा वाकून आल्या वाटेनं बाहेर पडतो. मण्यांपेक्षा कोपरे जास्त प्रकाश परत पाठवतात, म्हणून ते लांबून दिसतात आणि म्हणूनच महाग असतात. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवरही रंग ओला असताना काचेचे मणी भुरभुरतात.

दुकानात सगळे याला ‘रेडियम’ म्हणतात, पण यात रेडियम औषधालाही नसतं. खात्री करायची? रेडियमवाली पट्टी कपाटात ठेवून दार लावा आणि फटीतून बघा. काळीकुट्ट! ती स्वतः चमकत नाही, मिळालेला प्रकाश परत करते, बस.

आता चंद्राची चक्कर. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असल्याच शंभर कोपऱ्यांची एक पेटी ठेवली. पृथ्वीवरून लेझर मारायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि चंद्राचं अंतर काढायचं. आपल्या चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासानं दिलेलं आठ कोपऱ्यांचं चिमुकलं उपकरण आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं सुमारे १०० किलोमीटरवरून विक्रमवर लेझर मारला आणि तो बरोबर परत आला. तुमच्या सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये निरखून बघा, तसलेच कोपरे दिसतील!

करून बघा

दप्तराची चमकणारी पट्टी किंवा सायकलचा रिफ्लेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि दिवा घालवा. टॉर्च डोळ्याशेजारी, कानशिलाला टेकवून धरा. पट्टी लख्ख दिसेल. आता डोकं न हलवता टॉर्च हात लांब करून बाजूला न्या, पण रोख पट्टीवरच ठेवा. पट्टी मंदावली ना? प्रकाश टॉर्चकडे परत गेला, तुमच्या डोळ्यांकडे आलाच नाही. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या थोडेच वर असतात, म्हणून पाटी त्याला उजळलेली दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मात्र तीच पाटी काळी वाटते.

आता करा खरेदी

तर सरपंचांना काय सांगाल? दोन्ही बोर्ड अंधारात नेऊन टॉर्च डोळ्याजवळ धरून बघा! पाटी विकत घेताना आपण खरं तर रात्रीचं दिसणं विकत घेतो. शाळा दिवसा भरते हे खरं, पण पावसाळ्यात सकाळी सात वाजता धुकं असतं आणि गाड्या दिवे लावूनच येतात.

बाकी तपासणी अशी करा:

चित्र नियमातलंच हवं. पेंटरकाकांनी मनानं काढलेलं चित्र कितीही सुंदर असलं, तरी चालत नाही. चिन्हांचे आकार, रंग आणि मापं इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं ‘आयआरसी ६७’ या नियमावलीत ठरवून दिली आहेत.

पत्रा अॅल्युमिनियमचा हवा, बोर्डाच्या आकाराप्रमाणे दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा. लोखंडी पत्रा आपल्याकडच्या पावसात गंजतो आणि पातळ पत्रा वाऱ्यानं वाकतो.

खांबावर काळे-पांढरे पट्टे हवेत, म्हणजे खांबही दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाटीची पाठ वाचा. चांगल्या पाटीच्या राखाडी पाठीवर बनवणाऱ्याचं नाव, बसवल्याची तारीख आणि हमीची मुदत लिहिलेली असते. कागद उन्हानं हळूहळू मरतो. दिवसा लाल दिसणारी जुनी पाटी रात्री आंधळी झालेली असू शकते.

अर्ज कुणाला?

पाटी कुणीही उठून रस्त्यावर रोवायची नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तो अधिकार सरकारचा आणि सरकारनं नेमलेल्या यंत्रणेचा. त्याच कायद्याचं ११६ वं कलम सांगतं की पाटी मुद्दाम काढणं, बदलणं किंवा खराब करणं गुन्हा आहे. चुकून धडक बसून पाटी निकामी झाली, तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. पाटीवर वाढदिवसाचा बॅनर टांगणाऱ्या दादालोकांना हे जरूर वाचून दाखवा!

रस्ता कुणाचा हे ओळखायचं किलोमीटरच्या दगडावरून. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि गावातले रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. कर्जत, खोपोली, माथेरानच्या हद्दीत नगरपरिषद. काहीच कळेना तर अर्ज ग्रामपंचायतीत द्या, तिथून तो पुढे जातो.

ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि रस्त्यावर न उतरता, कडेनंच आपल्या शाळेच्या वाटेवरच्या पाट्यांवर टॉर्च मारून बघा. कुठली उजळते, कुठली वेलीत बुडालीय, कुठली विझलीय, ते वहीत मांडा. वेल नुसता छाटायला आणि धूळ पुसायला एक रुपयाही लागत नाही, मात्र ते काम मोठ्यांना करू द्या. विझलेल्या पाटीसाठी अर्ज लिहा. त्यात जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा न विसरता टाका, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि अर्जाची पोच मागून घ्या. पोच मिळालेला अर्ज सहजासहजी हरवत नाही!