संगणकाला ऐकू का येत नाही?



सुट्टीच्या स्वाध्यायात आम्ही तुम्हाला आजी-आजोबांच्या ओव्या, गोष्टी आणि म्हणी घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितले होते. पुष्कळांनी छान काम केले. पण काही फायली वर्गात लावल्या तेव्हा गंमतच झाली. एकीत नुसती शांतता. दुसरीत आजोबा बारीक आवाजात, गाडी पकडायची असल्यासारखे भराभर बोलत होते. तिसरीत आजी विहिरीतून बोलत होती, आणि चौथीत ओवीचा प्रत्येक लांबवलेला सूर मध्येच विरून जात होता. आपण राहतो त्या वसाहतीच्या नावातच सिलिकॉन आहे, तरी साउंड कार्डापुढे आईबाबाही हात टेकतात! म्हणून हा लेख. आईबाबांना शेजारी बसवून वाचा, आणि जरा लवकर वाचा. कारण आजीचा व्हिसा बहुधा तीस नाहीतर साठ दिवसांचा असतो.

आधी आवाजाचा प्रवास समजून घेऊ. माइक आवाजाची विजेची लहर करतो. साउंड कार्ड ती लहर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मापाचा आकडा लिहिते. (आता वेगळे कार्ड क्वचितच दिसते. त्याचे काम संगणकातली एक चिप करते, किंवा यूएसबी माइकच्या पोटातच ती सोय असते.) हे आकडे ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचायला हवेत. पण सॉफ्टवेअरला कार्डाची भाषा येत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तोच ड्रायव्हर.

पूर्वी हा दुभाष्या सर्वांसाठी एक असा नव्हता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले, तेव्हा डॉसवरचे अनेक खेळ बसवताना पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ असले आकडे स्वतः भरावे लागत. एक चुकला की खेळ मुका! पुढे विंडोजने ही मध्यस्थी आपल्याकडे घेतली, पण एका दाराने भागले नाही. १९९१ मध्ये एमएमई आले, १९९५ मध्ये डायरेक्टसाउंड, १९९७ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीचे आसिओ, आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर वासापी. नवे दार उघडले तरी जुने कोणी बुजवले नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या 'होस्ट' या यादीत इतकी नावे दिसतात आणि माणूस गोंधळतो. आमचे मत विचाराल तर घरच्या कामाला एमएमईने सुरुवात करावी. ते जुने आहे, पण सांभाळून घेणारे आहे. अडलेच तर वासापी.

आता तुमच्या फायलींकडे वळू.

शांततेची फाईल. इथे पुष्कळदा ड्रायव्हरचा दोष नसतोच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी असते, आणि त्याच पानावर खाली डेस्कटॉप ॲपसाठी वेगळे बटण असते. ते बंद असेल तर कोरी फाईल मिळू शकते. मग रेकॉर्डिंग डिव्हाइस पाहा. यादीत लॅपटॉपचा माइक, कॅमेऱ्याचा माइक, यूएसबी माइक असे तिघे-चौघे बसलेले असतात, आणि एमएमईत नावे ३१ अक्षरांवर तोडली जात असल्याने दोन माइक सारखेच दिसू शकतात. सोपी युक्ती: रेकॉर्डिंग चालू करून माइकच्या जाळीवर नखाने हळूच खाजवा. पडद्यावरची रेघ उडाली तर माइक बरोबर. आणखी एक, ऑडॅसिटी उघडल्यावर माइक जोडलात तर तो कधीकधी यादीत येत नाही. 'रिस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' करावे लागते.

कपाटातले जुने कार्ड काढून बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. ३२ बिटांचा जुना ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाही, कितीही खटपट केली तरी. कंपनीने नवा काढला नसेल तर ते कार्ड नमस्कार करून परत ठेवावे आणि साधा यूएसबी माइक घ्यावा. अशा बहुतेक माइकना विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो.

घाईतले आजोबा. इथे कार्डाने सेकंदाला ४४,१०० मापे घेतली आणि सॉफ्टवेअर समजले ४८,०००. मग दहा मिनिटांची गोष्ट सुमारे ९ मिनिटे ११ सेकंदांत संपते आणि आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीइतका, वर चढतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा ठेवा. पडद्यावर उणे ९९९७ असा त्रुटी क्रमांक आला तरी हाच आकडा तपासा. झालेली फाईल टाकून देऊ नका. दर बदलून लावला की आजोबा पूर्ववत बोलतात.

विहिरीतली आजी मात्र परत मिळत नाही. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या जोडणीत सेकंदाला फक्त ८,००० किंवा १६,००० मापे येतात. ८,००० मापांत ४,००० हर्ट्झच्या वरचे काही टिकत नाही, आणि 'स'चा सळसळाट मुख्यतः त्याच्या वरच असतो. आपल्या वर्गाला हे फार महागात पडते. 'चार' मधला च आणि गुरांच्या 'चारा' मधला च वेगळे. 'हे जग' आणि 'शंभर वर्षे जग' यांतले ज वेगळे. लिपीत हा फरक दिसत नाही, तो कानानेच शिकायचा असतो. आणि ब्लूटूथ नेमका तोच धूसर करतो. तेव्हा वायरचा माइक वापरा.

विरणारा सूर हे सर्वांत फसवे प्रकरण, कारण त्यात कोणतीही त्रुटी दिसत नाही. ड्रायव्हरबरोबर पुष्कळदा आवाज 'सुधारणारी' सोय येते. एसीची घरघर सतत चालते म्हणून ती गाळायची, हा तिचा हिशेब. पण आजीचा लांबवलेला सूरही सतत चालतो, आणि जात्याची घरघर तर विचारूच नका! साउंड सेटिंगमध्ये त्या माइकवर जाऊन 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. गाणे होईपर्यंत एसीही बंद ठेवा. दहा मिनिटांत कोणी वितळत नाही.

ओवी नुसती लिहून का पुरत नाही, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांनीही शब्द उतरवून घेण्यावर न थांबता अनेक गायिकांचे आवाज मुद्रित करून घेतले. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आजीबरोबर बसून ऐका; तिला स्वतःच्या चार ओव्या नक्की आठवतील.

ध्वनिमुद्रणापूर्वी दहा सेकंदांची चाचणी घ्या, ती वायरच्या हेडफोनवर ऐका, आणि काही बदलायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदला. ज्यांच्या फायली बिघडल्या त्यांनी येत्या शनिवारी लॅपटॉप, माइक आणि चार्जर घेऊन वर्गाच्या अर्धा तास आधी यावे. आजी अजून इथेच असेल तर तिलाही घेऊन या. चहा आमच्याकडून.