हायड्रॉलिक ब्रेक मऊ का पडतो?

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे, दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे गाव वसले असून, गोपाळगड आणि टाळकेश्वराचे दीपगृह वरच्या अंगाला आणि वस्ती, बंदर व खाडी खालच्या अंगाला अशी तेथील भूरचना असल्यामुळे सायकलस्वाराला या परिसरात चढ आणि उतार हे सतत आलटून पालटून भेटतात. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारे सायकलस्वार येथून जातात आणि त्यांतील कित्येकांच्या माउंटन बाइकला आता तारेच्या ब्रेकऐवजी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतात. जांभ्याच्या सड्यावरून सुटलेली सायकल पाखाडीच्या तोंडाशी थांबवायची असताना लिव्हर हँडलपर्यंत दबते आणि तरीही वेग कमी होत नाही, ही अवस्था जिवावर बेतणारी आहे. असे असूनही या दोषाकडे पाहण्याची रीत बहुधा ढोबळ असते: ‘ब्रेक लागत नाही’ एवढे ऐकले की ब्रेकचे ऑइल बदलले जाते. वस्तुतः लिव्हर मऊ लागणे आणि ब्रेकची पकड दुबळी असणे हे दोन वेगळे विकार आहेत. पहिल्याचे मूळ द्रवात असते, दुसऱ्याचे घर्षणाच्या पृष्ठभागात, आणि हा भेद आधी केला नाही तर पुढची सारी दुरुस्ती वाया जाते.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम या ब्रेकच्या मुळाशी आहे. लिव्हरजवळच्या नळकांड्यात एक लहान पिस्टन असतो, चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या धातूच्या चिमट्यात मोठे पिस्टन असतात आणि दोहोंच्या मधली बारीक नळी द्रवाने काठोकाठ भरलेली असते. लिव्हरचा पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा २२ मिलिमीटरचा धरला तर क्षेत्रफळ, आणि म्हणून बळही, जवळजवळ पाच पट होते. मात्र या लाभाची किंमत अंतरात मोजावी लागते, कारण मोठा पिस्टन अगदी थोडासाच सरकतो. लिव्हरचा पिस्टन १० मिलिमीटर पुढे गेला असे मानले तरी त्याने ढकललेला द्रव एक घन सेंटिमीटरही भरत नाही. एवढ्या तुटपुंज्या द्रवावर सगळी मदार असल्याने नळीत वाटाण्याएवढी हवा शिरली तरी लिव्हरच्या खेचेपैकी सुमारे तिसरा हिस्सा ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो, कारण द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही आणि हवा मात्र सहज आकसते. इंजेक्शनच्या पिचकारीत पाणी भरून तोंड बोटाने बंद केले तर दट्ट्या हलत नाही, आणि आत हवेचा बुडबुडा ठेवला तर तोच दट्ट्या स्पंजासारखा आत जातो. बोटाला जे तेथे जाणवते तेच सायकलस्वाराला लिव्हरवर जाणवते.

म्हणूनच पहिली परीक्षा बोटांनी करावी. लिव्हर एकामागोमाग पाचसहा वेळा दाबल्यावर ती कडक होत गेली आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मऊ झाली, तर आत हवा असण्याचा संभव मोठा. लिव्हर घट्ट दाबून धरली असता ती मिनिटभरात हळूहळू हँडलकडे सरकत राहिली, तर द्रव कोठून तरी गळतो आहे किंवा लिव्हरच्या पिस्टनवरील रबरी सील झिजले आहे असे समजावे, आणि अशी सायकल उतारावर नेऊच नये. लिव्हर उशिरा लागते पण लागल्यावर कडक असते, तर दोष हवेचा नसून बहुधा पॅड, म्हणजे पिस्टनने डिस्कवर दाबली जाणारी घर्षणाची पट्टी, झिजल्याचा असतो.

हवा आत येते तरी कशी? आपल्याकडे पंक्चर काढताना सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि तारेच्या ब्रेकच्या सायकलीला तिच्यापासून काहीही अपाय होत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मात्र लिव्हरजवळ द्रवाची छोटी टाकी असते. तीत थोडी हवा राहिलेली असेल तर सायकल सरळ असेपर्यंत ती वर निरुपद्रवी पडून असते आणि सायकल उलटी होताच नळीच्या वाटेला लागते. त्यातच चाक काढलेले असताना कोणी लिव्हर दाबली तर मध्ये डिस्क नसल्याने पिस्टन अधिक बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. म्हणून चाक काढताच पॅडच्या फटीत प्लॅस्टिकचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवावा. सायकल उलटी केल्यामुळे लिव्हर मऊ झाली असेल तर सायकल सरळ उभी करून, लिव्हर दाबलेल्या स्थितीत पट्ट्याने बांधून रात्रभर ठेवल्यास लहान बुडबुडे पुष्कळदा वर टाकीत परततात. हा तात्पुरता उतारा आहे, दुरुस्ती नव्हे.

द्रवाचा प्रश्न याहून गंभीर आहे. सायकलीच्या ब्रेकमध्ये दोन कुळांचे द्रव वापरले जातात. एक डॉट या नावाने ओळखला जाणारा, ग्लायकॉल ईथरवर आधारलेला, मोटारीत आणि मोटारसायकलीत असतो तोच. दुसरा खनिज तेलाचा. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, हेज आणि होप यांचे डॉटवर, तर स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉटवर चालत असले तरी त्यांच्याच डीबी८ आणि मॅव्हेन या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. त्यामुळे कंपनीच्या नावावर न जाता टाकीच्या झाकणावर कोरलेली सूचना वाचणे हाच खात्रीचा मार्ग होय. गावाकडच्या मोटार गॅरेजमध्ये डॉटची बाटली सहज मिळते, सायकलीचे खनिज तेल मिळतेच असे नाही, आणि ‘ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल’ या समजुतीने एकात दुसरे ओतले जाते. या एका चुकीने ब्रेक कायमचा निकामी होऊ शकतो, कारण एका द्रवासाठी बनवलेली रबरी सीले दुसऱ्या द्रवात फुगतात, मग पिस्टन अडकतात, लिव्हर परत येत नाही आणि शेवटी गळती सुरू होते. योग्य तेल मिळेपर्यंत सायकल चार दिवस उभी ठेवावी लागली तरी हरकत नाही. चुकीचे तेल मात्र थेंबभरही घालू नये.

किनाऱ्यावरील दमट हवेचा संबंध येथेच येतो. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि तसतसा त्याचा उत्कलनांक, म्हणजे तो ज्या तापमानाला उकळतो ते तापमान, खाली येतो: डॉट ४ साठी ठरवलेली किमान मर्यादा ताज्या द्रवाला २३० अंश सेल्सिअस आहे, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या द्रवाला ती केवळ १५५ अंश आहे. खनिज तेल पाणी शोषत नाही, परंतु आत शिरलेले पाणी त्यात न मिसळता जड असल्याने खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे नेमके सर्वांत तापणाऱ्या ठिकाणी, साठते आणि शंभर अंशांच्या आसपास त्याची वाफ होऊ शकते. वाफ ही हवेसारखीच दबणारी असल्याने उताराच्या शेवटी लिव्हर एकाएकी पोकळ लागते आणि ब्रेक थंड झाल्यावर ती पूर्ववत होते; हे लक्षण दिसले की द्रव बदलण्याची वेळ झाली असे मानावे.

ही उष्णता किती असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्वार आणि सायकल मिळून १०० किलोग्रॅम वजन १०० मीटर खाली आले की सुमारे ९८ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि ती सगळी ब्रेकने शोषली असे धरले तर तेवढ्यात पाव लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. कराड आणि कोयनानगरकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरकडे येणाऱ्याला हा उतार कित्येक पटींनी भोगावा लागतो. म्हणून संपूर्ण उतारभर लिव्हर हलकी दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून मधल्या टप्प्यात ते पूर्ण मोकळे सोडावेत, म्हणजे डिस्कला वारा लागतो. १६० मिलिमीटरची डिस्क काढून १८० किंवा २०३ मिलिमीटरची बसवल्यास पकड वाढते आणि उष्णताही अधिक पृष्ठभागावर पसरते, अर्थात फ्रेम आणि फोर्क यांना ती चालत असेल तरच.

लिव्हर दगडासारखी कडक आहे आणि तरी सायकल थांबत नाही, तेव्हा मात्र द्रवाला हात लावू नये. येथे बहुधा पॅडवर तेल गेलेले असते, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे चेनवर मारलेला तेलाचा फवारा. खारट हवेत चेन लवकर गंजते म्हणून किनाऱ्यावर हा फवारा अधिकच मारला जातो. फवाऱ्याऐवजी थेंब सोडणारी बाटली वापरावी आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅडचा वरवरचा चकाकता थर पॉलिश पेपरवर घासून निघतो, पण तेल आत मुरले असेल तर पॅड बदलण्याला पर्याय नाही. पॅडवरील घर्षणद्रव्य अर्ध्या मिलिमीटरवर आले की तो टाकावा, शिमानोच्या १.८ मिलिमीटर जाडीच्या डिस्कची मर्यादा १.५ मिलिमीटर आहे. पावसाळ्यात लाल चिखलाने राळेचे पॅड झपाट्याने झिजतात, तेथे धातूची पूड तापवून घडवलेले पॅड अधिक टिकतात, जरी ते आवाज करतात.

हवा काढणे, म्हणजेच ब्लीडिंग, हे काम कठीण नसून चिकाटीचे आहे. प्रथम चाक आणि पॅड काढून, पिस्टन मागे ढकलून त्यांच्यामध्ये ठोकळा बसवावा. पॅड आत ठेवून काम केल्यास सांडलेल्या थेंबाने ते खराब होतात. मग कॅलिपरच्या तोंडाला पिचकारी जोडून ताजा द्रव खालून वर ढकलावा, कारण बुडबुड्याची स्वाभाविक गती वर जाण्याची असते, आणि ढकलताना नळीवर टिचक्या मारत राहावे, म्हणजे वळणात अडकलेले बुडबुडे सुटतात. लिव्हरच्या टाकीवर बसवलेल्या पेल्यात येणारा काळपट द्रव स्वच्छ दिसू लागला आणि लिव्हर दाबल्यावर बुडबुडा येईनासा झाला की तोंडे बंद करावीत. डॉट द्रव रंग आणि कातडी दोन्ही खराब करतो, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत, आणि वापरलेला द्रव बाटलीत साठवून गॅरेजच्या टाकाऊ तेलाबरोबर द्यावा, गटारात किंवा खाडीत नव्हे.

नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर सायकल वेगात आणून, चाक न अडकवता, चालण्याच्या गतीपर्यंत हळूहळू थांबवण्याची क्रिया वीसएक वेळा करावी लागते, तेव्हा पॅडमधील द्रव्याचा पातळ थर डिस्कवर समान बसतो आणि पकड पूर्ण होते. सड्यावरचा सपाट रस्ता या कामासाठी सोयीचा आहे. बंदराच्या उताराला सायकल त्यानंतरच लावावी.