‘अनाया’ नेमकं कुणाचं नाव?

नागपुरात हल्ली बारशाला गेलं की ‘अनाया’ हे नाव वारंवार कानावर पडतं. गुरुजींनी ‘अ’ अक्षर काढून दिलं, की घरातलं कुणीतरी मोबाइलवर नावांची यादी उघडतं. तिथे लिहिलेलं असतं : मुलीचं दुर्मिळ हिब्रू नाव, अर्थ ‘देवाने उत्तर दिले’. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि हाच अर्थ पाहुण्यांत फिरतो. पोरगी जो अर्थ जन्मभर सांगत राहणार, तो कुणी पडताळूनही पाहत नाही, याची मला खरोखर चीड येते.

अर्थ बरोबर आहे, पण मुलीचं नाव हे चूक. बायबलच्या नहेम्या या पुस्तकात, आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात ते येतं. एज्रा हा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवतो, तेव्हा त्याच्या उजवीकडे उभ्या असलेल्या पुरुषांत एक अनाया आहे. दहाव्या अध्यायात, करारावर शिक्का करणाऱ्या प्रमुखांच्या यादीत, हे नाव पुन्हा दिसतं, तोही पुरुषच. हिब्रूत ‘अना’ म्हणजे उत्तर देणं आणि शेवटचं ‘या’ हे ईश्वराच्या नावाचं आखूड रूप. यशया, यिर्मया, जखऱ्या या संदेष्ट्यांच्या नावांतही तेच आहे. आकारान्त दिसलं की आपण मुलीचं समजतो, फसगत होते ती इथे. शिवाय हिब्रू लिहिताना स्वरचिन्हं सहसा गाळतात. तशी गाळली, तर याच अक्षरांतून ‘गरीब बाई’ असाही शब्द वाचता येतो!

दुसरी यादी हे नाव संस्कृत ठरवते : ‘जिच्याहून श्रेष्ठ कुणी नाही’. कशाच्या आधारावर? संस्कृतात ‘अनया’ हे ‘हिने’ अशा अर्थाचं सर्वनामाचं तृतीयेचं रूप आहे. ‘अनय’ हे नाम आहे, पण वामन शिवराम आपट्यांच्या कोशात त्याचे अर्थ गैरवर्तन, अन्याय, दुर्दैव असे आहेत. शंका असेल तर संस्कृत विश्वविद्यालय रामटेकलाच आहे, तिथल्या अभ्यासकांना विचारा. मुलीच्या नावाला मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते अरबी ‘इनाया’ : काळजी, जपणूक. आपल्या ओळखीचं ‘इनायत’ त्याच घरातलं.

हिब्रू नावं मराठीला नवी नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजानं ती पिढ्यानपिढ्या मराठी वळणानं वापरली. १७९६ साली मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. वळण मराठी झालं, तरी मूळ नावाशी असलेला धागा तुटला नाही.

आणखी काही समज :

हिब्रू संस्कृतातूनच निघाली – नाही. हिब्रू अरबीसारखी सेमिटिक कुळातली आहे, संस्कृत भारोपीय कुळातली.

‘मायरा’ हिब्रू आहे – नाही. इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल यांनी आपल्या कवितांसाठी घडवलेलं ते नाव.

‘इरा’ म्हणजे हिब्रूतलं ‘जागरूक’ – अर्थ बरोबर, पण तो दावीद राजाच्या पदरचा पुरुष. संस्कृत ‘इरा’ स्वतंत्र आहे. अमरकोशात तिचे अर्थ पृथ्वी, वाणी, मद्य, पाणी.

‘नोआ’ मुलाचंच नाव – मुलाचं नाव नोहा, तारू बांधणाऱ्याचं. नोआ ही सलाफहादची मुलगी; बापाच्या वतनात वाटा द्या, असं मोशेपुढे उभं राहून सांगणाऱ्या पाच बहिणींपैकी एक.