शिट्टीच्या भरवशावर

कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या अंगावर संरक्षण म्हणून काय असते? बनियन, चड्डी आणि फार तर गुडघ्याला एक पट्टा, तोही बहुधा मोठ्या भावाने वापरून सैल झालेला. क्रिकेटच्या संघाला पॅड आणि हेल्मेट घ्यायचे तर मुख्याध्यापकांना खर्चाची वही उघडावी लागते. कबड्डीला काही लागतच नाही, म्हणून तर ती खानदेशातल्या गावोगावच्या शाळेत आहे. चढाईला गेलेल्या मुलावर सातजण तुटून पडू शकतात, आणि त्या क्षणी त्याला वाचवू शकणारी एकच वस्तू मैदानावर असते: पंचाच्या तोंडातली शिट्टी.

जळगाव जिल्ह्यात 15 तालुके, धुळ्यात 4. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेतून 1998 मध्ये नंदुरबार वेगळे निघाले आणि धुळे आटोपशीर उरले. शालेय स्पर्धांची उतरंड मात्र दोन्हीकडे सारखीच. 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुले-मुली, आधी तालुका, मग जिल्हा, मग नाशिक विभाग, त्यानंतर राज्य. सगळे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या देखरेखीखाली. जिल्ह्याच्या ठिकाणी मैदान बरे असते, माणसेही पुरेशी असतात. खरी कसोटी तालुक्याला. बाद पद्धतीचे सामने, दिवस एक, संघ भरपूर आणि संध्याकाळची शेवटची एस.टी. गाठायची घाई. एकच संघ दिवसभरात तीन-चारदा उतरतो. तिसऱ्या सामन्यात पाय जड झालेले असतात, आणि दुखापत अशाच पायांना होते.

नियमाप्रमाणे एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहाजण लागतात. तालुक्याच्या स्पर्धेत अनेकदा दोन-तीन माणसांवरच भागवले जाते. पंचाचे अर्धे काम कानाचे असते. चढाईच्या 30 सेकंदांत दम तुटला की नाही, हे ऐकायचे. पण मैदानाच्या कडेला ध्वनिक्षेपक, त्यावर हौशी समालोचक, आणि रेषेला चिकटून उभी गर्दी. दम ऐकू आला नाही की शिट्टी लांबते. चढाईपटू अडकलेला असतो, सुटण्याची आशा संपलेली असते, तरी निर्णय येत नाही म्हणून मागचे तिघे-चौघे त्याच्यावर येऊन पडतात. पहिल्या पकडीत शाबूत राहिलेला गुडघा या ढिगाऱ्याखाली जातो. या दोन-तीन सेकंदांच्या उशिराबद्दल कोणी हरकत नोंदवत नाही, कारण त्यात गुण इकडचा तिकडे होत नाही.

हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे बरेचसे श्रेय महाराष्ट्र आणि बडोदा यांचे. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवला. आजच्या नियमांत खेळाडूच्या जिवाची काळजी बरीच आहे. दम तोडण्यासाठी चढाईपटूचे तोंड दाबायचे नाही. केस किंवा कपडे धरून ओढायचे नाही, पायांची कैची घालायची नाही. इजा होईल अशी दांडगाई नको. नखे कापलेली हवीत, अंगावर दागिना किंवा तेल नको. मोडेल त्याला हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून रवानगी. नियम कमी पडतात असे मला वाटत नाही. कमी पडते ते कार्ड खिशातून काढण्याचे धाडस.

हे धाडस का कमी पडते, हे समजायला फार खोल जावे लागत नाही. तालुक्याच्या सामन्यात शिट्टी मारणारे हे शेजारच्या शाळेचे क्रीडाशिक्षकच असतात. आज ज्या संघाच्या कर्णधाराला त्यांनी बाहेर काढायचे, त्या संघाचे सर उद्या त्यांच्या सामन्याला पंच. शिवाय शालेय स्पर्धेतल्या यशावर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे वरच्या पातळीवर चमकलेल्यांसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू कपाशीवर घर चालणाऱ्या बापाला ही वाट दिसते, आणि ती दिसू नये असे कोण म्हणेल? पण मग तालुक्यातला एक पिवळा कागद त्याला पोराच्या नोकरीवर आलेले संकट वाटतो. रेषेबाहेरून ‘ओ भो, दिसतं का नाही तुले?’ सुरू झाले की त्या गुरुजींनी काय करावे?

वरच्या पायरीवर सगळे आलबेल असते असेही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगचौ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 असा अडला होता. पवन सेहरावत कोणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले, आणि जुना नियम लावायचा की नवा यावर पंचांचे एकमत होईना. खेळ तासभर थांबला. भारत 33-29 जिंकला. तिथे निदान चित्रफीत पुन्हा पाहता येत होती आणि हुज्जत घालणारे दोन देश होते. इथे असतात ते पालकांचे मोबाइल.

पंचाने शिट्टी मारण्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे जमीन. खानदेशची काळी माती पावसात पायाला चिकटते आणि ऊन लागले की भेगाळून दगडासारखी होते. स्पर्धांचा हंगाम नेमका या दोन्हींच्या मध्ये येतो. 2014 पासून प्रो कबड्डी घरोघरी दिसू लागली. प्रदीप नरवालची डुबकी मॅटवर शोभते. तीच भेगाळलेल्या मातीवर मारणाऱ्या पोराच्या हनुवटीचे काय होईल, हे टीव्हीवर सांगत नाहीत. मैदान मऊ करायला मातीत शेणखत मिसळण्याची पद्धत जुनी आहे. पण धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच राहतात, आणि कबड्डीत खरचटणे रोजचेच. सरकारी लसीकरणात धनुर्वातविरोधी टीडी लसीची मात्रा 10 आणि 16 व्या वर्षी आहे, म्हणजे बरोबर शालेय कबड्डीच्या वयात. जन्मतारखेच्या दाखल्यासोबत ही नोंद मागायला काहीच अवघड नाही.

जन्मतारखेवरून आठवले. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या कोणत्याही दाईला चक्रावून टाकील अशी आहे. त्यात हसण्यासारखे आहे, पण 14 वर्षांखालील सामन्यात मिशी फुटलेला कोपरारक्षक उभा राहिला की समोरच्या हाडांना ते हसू महाग पडते. वजनाचेही तसेच. कबड्डी संघटनेच्या किशोर गटाला अनेक वर्षे 16 वर्षे वय आणि 55 किलो ही मर्यादा होती. काट्यावर किलोभर जास्त भरणारा मुलगा आदल्या रात्रीपासून पाणी तोडतो, स्वेटर घालून पळतो आणि वजन बसले की ऑक्टोबरच्या उन्हात मैदानात उतरतो. वजन घेणाऱ्याच्या कागदावर सगळे नियमात असते.

सगळ्यांत दुर्लक्षित दुखापत डोक्याची. घोट्याची पकड करणारा कोपरारक्षक खाली वाकतो तेव्हा त्याचे कपाळ चढाईपटूच्या गुडघ्याच्या रेषेत येते. जुलै 2022 मध्ये तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात एक तरुण चढाईतच कोसळला आणि गेला; चित्रफीत देशभर पाहिली गेली. आपल्या मैदानांवर अशा वेळी तोंडावर पाणी मारतात, डोळे उघडले की टाळ्या होतात आणि पोरगा परत खेळायला उभा राहतो. मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध व्हावेच लागते असे नाही. मळमळ, डोके गरगरणे, आत्ताचा गुणफलक न आठवणे, एवढेही पुरेसे लक्षण आहे. शिरपूर तालुक्यातल्या बोराडीच्या मैदानावर पडलेल्या मुलाला धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे तर शिरपूर ओलांडून पुढे पन्नासेक किलोमीटर जायचे. 108 ची गाडी 2014 पासून आहे, पण ती मैदानावर उभी नसते.

अमेरिकन फुटबॉलची गोष्ट इथे कामाची आहे. तिथे हेल्मेट जसे भक्कम होत गेले तशी मुले डोके पुढे घालून धडका मारू लागली आणि माना मोडू लागल्या. 1976 मध्ये अशा धडकेवर बंदी आली, शिकवण्याची रीत बदलली. मानेच्या दुखापतीने हातपाय कायमचे लुळे पडण्याची त्या वर्षी 34 प्रकरणे नोंदली गेली होती. पुढच्या वर्षी 18, 1984 मध्ये 5. ही घट नियमाने आणि शिट्टीने केली. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदाच केला की डोक्याला हादरा बसल्याचा संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पुढच्या पाचएक वर्षांत सगळ्या राज्यांनी तोच रस्ता धरला. निर्णय मुलाच्या, बापाच्या आणि प्रशिक्षकाच्या हातून काढून घेतला, हे त्यातले शहाणपण. पंधरा वर्षांचा मुलगा ‘मी ठीक आहे सर’ असेच म्हणणार.

कबड्डीत हे करायला नवा खर्च नाही. सात मैदानात आणि पाच राखीव, म्हणजे जखमी मुलाला बसवले तरी संघ अपुरा पडत नाही. दरवर्षी हंगामाआधी क्रीडा कार्यालयात क्रीडाशिक्षकांची सभा होते. तिथे तारखा, मैदाने, ओळखपत्रे ठरतात, पंचांच्या मानधनावरून थोडी गरमागरमी होते. डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, हे एक वाक्य परिपत्रकात घालून त्यावर सगळ्या सरांच्या सह्या तिथेच घेता येतील. मग गर्दीतून कोणी ओरडले तर शिट्टी मारणाऱ्याला दाखवायला कागद असेल, आणि शेजारच्या शाळेशी संबंधही बिघडणार नाहीत.