एकपात्री ऐकताना

एकपात्री पाहताना आधी एक प्रश्न मनात धरावा : हे पात्र नेमकं कोणाशी बोलतंय? ब्रिटिश नाटककार ॲलन बेनेट यांच्या 'टॉकिंग हेड्स' (बीबीसी, १९८८) या स्वगतमालेतली माणसं स्वतःबद्दल भरभरून सांगतात, पण त्यांना न उमगलेलं सत्य प्रेक्षकाला आधी कळतं. खरं नाट्य तिथेच आहे. इराणचे नाटककार नसीम सुलेमानपूर यांचं धाडस मला त्याहून मोठं वाटतं. लष्करी सेवा नाकारल्यामुळे त्यांना देशाबाहेर जाता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या 'व्हाइट रॅबिट रेड रॅबिट' या एकपात्री नाटकाची संहिताच जगभर फिरली. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. प्रत्येक प्रयोगात नवा नट रंगमंचावरच सीलबंद लिफाफा उघडतो आणि प्रेक्षकांसमोर नाटक पहिल्यांदा वाचतो. अशा एकपात्री नाटकांत कथानक शोधत बसू नका. बोलणारा कुठे अडखळतो, तिकडे कान द्या.