चिमणीची उंची आणि नियमाचा पल्ला

महिन्याचे वीजबिल हाती आले म्हणजे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी जी लांबलचक यादी त्यावर छापलेली असते, ती वाचण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. शेवटची रक्कम आणि ती भरण्याची मुदत एवढे पाहिले की कागद फडताळात जातो. परंतु ती वीज निर्माण करताना कोळशाच्या ज्वलनातून जे काही हवेत सोडले जाते, त्याचा आकार या यादीत कोठेच नसतो. आणि नसला, तरी कोणी ना कोणी तो भरतच असतो. चंद्रपुराजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागातील गृहिणी गच्चीवर वाळत घातलेले कपडे घरात घेण्यापूर्वी झटकते, घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी दम्याचा पंप महिन्याच्या वाणसामानाबरोबरच आणते, तेव्हा तीच ही भरपाई करीत असते. औष्णिक वीज केंद्रांच्या उत्सर्जनाचे नियम हा विषय वरकरणी अभियंत्यांचा आणि वकिलांचा वाटतो; वस्तुतः हा अलिखित आकार कोणाच्या नावे खर्ची घालावयाचा, याचाच तो निवाडा आहे.

आपल्याकडच्या कोळशात गंधक थोडे, बहुधा शंभरात अर्धा भाग, आणि राख मात्र शंभरात पस्तीस-चाळीस भागांपर्यंत असते. त्यामुळे चिमणीतून बाहेर पडणाऱ्या राखेकडे लोकांचे आणि सरकारचेही लक्ष प्रथम गेले, कारण ती डोळ्यांना दिसते, भांड्यांवर बसते आणि झाडांच्या पानांवर साचते. विद्युत्भारित पट्ट्यांवर ही धूळ ओढून घेणारी यंत्रे बऱ्याच केंद्रांत पूर्वीपासून आहेत व ती नीट चालवली तर बहुतेक राख अडवतात. गंधकाचा वायू मात्र डोळ्यांना दिसत नाही. सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळला की तेथील ओलावा आणि अन्य वायू यांच्या संयोगाने त्याचे सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत रूपांतर होते. हे कण नाकातल्या केसांना वा घशाला न जुमानता थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, आणि उत्पत्तिस्थानापासून शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात.

या वायूवर आपल्या देशात २०१५पर्यंत चिमणीच्या तोंडाशी कोणतीही मर्यादा नव्हती, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही. नियम होता तो चिमणीच्या उंचीचा: ५०० मेगावॅट वा त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर उंचीची चिमणी उभारली, की कायद्याचे समाधान होत असे. याचा सरळ अर्थ असा, की गंधक रोखावयाचे नव्हते, दूर पाठवावयाचे होते. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनेने हा दृष्टिकोन प्रथमच बदलला. जुन्या संचांपैकी मोठ्यांना दर घनमीटर धुरामागे २०० मिलिग्रॅम, लहानांना ६०० आणि २०१७पासून उभ्या राहणाऱ्यांना १०० अशी गंधकवायूची मर्यादा तिने घातली. धूळ, नायट्रोजनचे वायू, पारा आणि पाण्याचा वापर यांनाही तिने लगाम घातला, आणि अंमलबजावणीस दोन वर्षांची मुदत दिली.

पुढची हकीकत मुदतवाढीची आहे. २०१७ची मुदत २०२२वर गेली, ती २०२१ साली आणि २०२२ साली पुन्हा सरकली, आणि २०२४ संपता संपता २०२७ ते २०२९ या वर्षांवर जाऊन ठेपली. अखेर जुलै २०२५मध्ये मुदतवाढीचाही खटाटोप सरकारने बव्हंशी संपवला: दिल्लीच्या राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतले संच एका वर्गात ठेवून त्यांना २०२७ अखेरची मुदत दिली, अतिप्रदूषित म्हणून नोंद झालेल्या क्षेत्रांजवळचे संच दुसऱ्या वर्गात घालून त्यांचा फैसला समितीवर सोपवला, आणि उरलेले, म्हणजे शंभरातले सुमारे ७८, उंच चिमणीची जुनी अट पाळण्याच्या बोलीवर गंधकाच्या मर्यादेतून मुक्त केले.

या माफीच्या बाजूने जे सांगितले जाते ते अगदीच टाकाऊ नाही. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, बहुतेक ठिकाणच्या हवेत हा वायू ठरलेल्या मर्यादेच्या आतच आढळतो, आणि तो धुऊन काढणाऱ्या संयंत्राला चुनखडी लागते, पाणी लागते, वीजही लागते, हे सर्व खरे. परंतु हवेतल्या वायूची मोजणी ही त्यापासून बनलेल्या कणांची मोजणी नव्हे. शिवाय जी चिमणी मुळात धूर दूर फेकण्यासाठीच एवढी उंच बांधली, तिच्याभोवती १० किलोमीटरचे वर्तुळ आखून त्याबाहेरच्या माणसांना निर्धास्त राहा म्हणून सांगणे, यातली विसंगती ध्यानात येण्यास रसायनशास्त्राच्या पदवीची जरुरी नाही.

नियम कागदावरून चिमणीपर्यंत कसा पोचतो याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारे ५०० मेगावॅटचे केंद्र डहाणूच्या खाडीकाठी उभे करावयाचे ठरले, तेव्हा चिकूच्या वाड्यांचे मालक, त्या वाड्यांत राबणारे वारली आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार या साऱ्यांच्याच पोटाचा प्रश्न उभा राहिला. १९८९ साली केंद्राला मंजुरी मिळाली ती गंधक धुणारे संयंत्र बसवण्याच्या अटीवर. प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. १९९५च्या सुमारास केंद्र सुरूही झाले, पण संयंत्राचा पत्ता नव्हता. नर्गिस इराणी यांच्यासारखी स्थानिक माणसे मात्र कागद जपून ठेवीत राहिली आणि तगादा लावीत राहिली. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि हे प्राधिकरण अहवाल लिहून स्वस्थ बसणारे नव्हते. त्याने सुनावण्या घेतल्या, १९९९मध्ये संयंत्राचा हुकूम काढला, कंपनीने सबबी सांगितल्या तेव्हा बँक हमी मागितली, आणि २००७ साली ते संयंत्र चालू करवून घेतले. समुद्राचे पाणी मुळातच किंचित क्षारधर्मी असते. त्याचा फवारा धुरावर मारला की गंधकाचा वायू त्यात विरघळतो, अशी ही साधी युक्ती. तिला डहाणूत अठरा वर्षे लागली, आणि त्यातली फारच थोडी यंत्र बांधण्यात गेली. केंद्राची मालकी दरम्यान व नंतरही बदलली. अट मात्र मालकाबरोबर गेली नाही.

चंद्रपूरच्या वाट्याला असे प्राधिकरण आले नाही. २,९२० मेगावॅटचे महानिर्मितीचे केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या निर्देशांकात १००पैकी ८३.८८ गुण मिळवून देशात चौथा क्रमांक, अशी तेथली स्थिती. गुण अधिक तितकी हवा-पाण्याची दशा वाईट, असा हा निर्देशांक. आता हे शहर दुसऱ्या वर्गात, म्हणजे समितीच्या मर्जीवर आहे. तेथली वीज राज्यभर जाते, इरई धरणाचे पाणी केंद्राला जाते आणि राख तेथेच राहते. राखेच्या विटा होतात, सिमेंटातही ती जाते, आणि ती शंभर टक्के वापरलीच पाहिजे असा दंडक आहे; तरी उन्हाळ्यात सुकलेल्या राखतळ्यावरून वारा सुटला की दंडक आणि वस्तुस्थिती यांतले अंतर भोवतालच्या गावांना डोळ्यांत जाणवते.

राहिला प्रश्न पैशाचा. गंधक धुण्याचा खर्च अखेर ग्राहकाच्याच माथी येतो, कारण कायद्यातील बदलामुळे वाढलेला खर्च दरात वसूल करण्याची मुभा कंपन्यांना असते. माफीमुळे युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील असा अंदाज या वेळी मांडला गेला. तो जसाच्या तसा धरला, तरी महिना १०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचे वाचतात ते २५ ते ३० रुपये. गरिबाच्या संसारात एवढी रक्कमही क्षुल्लक नव्हे हे मान्य. पण गरिबाच्या नावाने ही बचत मांडणाऱ्यांनी त्याच गरिबाच्या घरातील एका खोकल्याच्या आजारपणाचा हिशेबही शेजारी मांडावयास हवा होता. मोठ्या वापराच्या ग्राहकांवर हा भार अधिक टाकणे दररचनेत सहज शक्य आहे, आणि माझ्या मते तेच न्याय्य आहे. डहाणूच्या संयंत्राचा खर्च मुंबईच्या उपनगरांनी सोसला आणि तेथले दिवे विझले नाहीत.

नव्या वा विस्तारित वीज केंद्रासाठी जिल्ह्यात जनसुनावणी लावावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात येते, आणि पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरी पाहावयास मिळतो. दरवाढीच्या प्रस्तावावरही महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती मागवतो. मंडपातल्या पहिल्या रांगा बहुधा कंत्राटदारांनी आणि पुढाऱ्यांनी भरलेल्या असतात, हे खरे. तरीही जे बोलले जाते ते इतिवृत्तात नोंदवावे लागते, आणि लेखी हरकत दिली तर तिची पोच मिळते. आपल्या जिल्ह्याची अशी सूचना दृष्टीस पडली, तर वाचकांनी साध्या मराठीत एक पानाचा अर्ज लिहावा, गंधकाचे संयंत्र कोणत्या तारखेपर्यंत बसणार एवढेच त्यात विचारावे, आणि पोच जपून ठेवावी. जनसुनावणीत हरकत घेण्यास वकील लागत नाही.