लॅपटॉप घेण्यापूर्वी सभासदांनी पहावयाच्या गोष्टी



बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की गावोगाव एकच प्रश्न निघतो : पोराला, पोरीला लॅपटॉप कोणता घ्यावा ? उसाची नोंद घ्यावयास वावरात आलेल्या शेतकी कर्मचाऱ्यालाही मंडळी हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०२५-२६ च्या हंगामाकरिता केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ. आर. पी. ठरवली. पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे या दराने १४ टन ऊस झाला. आणि तोडणी-वाहतूक कापून हाती पडणाऱ्या पैशात मोजला, तर आणखी चार-पाच टन धरा. बैलजोडी घ्यायची तर आपण चार बाजार फिरतो, दात पाहतो, चालवून पाहतो. हे यंत्र मात्र दुकानदार म्हणेल ते, दहा मिनिटांत पिशवीत घालून आणतो.

यंत्र निवडण्याची एक चांगली रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. गांधीजी वर्ध्यास राहावयास येण्याच्या आधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्यात अटी घातल्या होत्या : चरखा हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांवर नसावी, वीस वर्षे टिकावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, ती गोष्ट निराळी. पण काम आधी लिहून काढायचे आणि यंत्र मागून पहायचे, ही रीत लॅपटॉपलाही चालते.

तेव्हा प्रथम शिक्षण कोणते, ते पहा. मूल वर्ध्याच्या जी. एस. कॉमर्समध्ये बी. कॉम. करणार असेल तर टॅली, एक्सेल आणि लिहिणे-वाचणे एवढेच काम. त्याला मध्यम प्रतीचा लॅपटॉप पुरून उरतो. सेवाग्राम किंवा सावंगीला वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्याला पहिल्या वर्षी बहुधा पुस्तके वाचणे आणि व्याख्याने पाहणे असते. घाई करू नये, सहा महिने थांबले तरी चालेल. सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा पिपरीची बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, असल्या ठिकाणी इंजिनिअरिंगला गेलेल्याची गोष्ट वेगळी. संगणक शाखेला आणि सिव्हिल-मेकॅनिकलच्या चित्रकामाला जरा दणकट यंत्र लागते. त्यातही प्रवेश पक्का झाल्यावर विभागात जाऊन किंवा वरच्या वर्गातल्या पोट्ट्यांना विचारून घ्यावे की कोणते सॉफ्टवेअर शिकवतात. ऑटोकॅड बनवणारी कंपनी विद्यार्थ्यांना ते फुकट देते, दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. त्याचे पैसे कुणाला देऊ नयेत. क्रोमबुक नावाचा स्वस्त प्रकार मिळतो, त्यावर टॅली किंवा संगणकावर बसवायचे ऑटोकॅड चालत नाही, हे आधीच ध्यानात असू द्यावे.

आता आतले भाग. कारखान्याच्या उदाहरणाने सांगतो. प्रोसेसर म्हणजे आपली मिल, प्रत्यक्ष गाळप करणारी. रॅम म्हणजे गव्हाण : मिलला लागणारा ऊस तिथे तयार असावा लागतो. आणि एस. एस. डी. म्हणजे साखरेचे गोदाम, जिथे सगळे साठवायचे. मिल कितीही मोठी बसवली आणि गव्हाण अरुंद ठेवली तर मिल रिकामी फिरते. दुकानात नेमके हेच गळ्यात मारतात, मोठ्या नावाचा प्रोसेसर आणि चारच जी. बी. रॅम. आज विंडोज स्वतःच तीन-चार जी. बी. खाऊन बसते. म्हणून ८ जी. बी. ही किमान, इंजिनिअरिंगला १६. एस. एस. डी. ५१२ जी. बी. असावी. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेले यंत्र नवे असले तरी घेऊ नये. एकाच हमालाने सगळी पोती काढावीत असा तिचा कारभार असतो.

रॅम पुढे वाढवता येईल का, हे अवश्य विचारा. काही लॅपटॉपात ती बोर्डालाच डाकलेली असते, मग जन्मभर तेवढीच. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी जगभरातून मेमरीची खरेदी चालवल्यामुळे रॅमचे भाव चढले आहेत. ‘नंतर स्वस्तात टाकून देऊ’ हे आश्वासन त्यामुळे फारसे कामाचे नाही.

सर्वात जास्त फसवणूक होते ती प्रोसेसरच्या नावात, आणि इथे थोडे थांबून वाचावे. दुकानदार म्हणतो, ‘‘भाऊ, आय-७ आहे, डोळे मिटून घ्या.’’ आय-७ म्हणणे म्हणजे नुसता ‘ऊस’ म्हणण्यासारखे आहे. कोणती जात ? ८६०३२ की २६५ ? लागण आहे की तिसरा खोडवा ? तसा पूर्ण नंबर विचारायचा. इंटेलच्या आय-५ १२३५ यू या नावात नंबर १ ने सुरू होतो, म्हणून पहिले दोन आकडे वाचायचे : बारावी पिढी. आय-७ ४६०० यू असेल तर पहिला एकच आकडा वाचायचा : चौथी पिढी, म्हणजे २०१३ सालचा माल. बाराव्या पिढीचा आय-३ सुद्धा या आय-७ ला सहज मागे टाकतो. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने ‘आय’ काढून नुसते कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावे आणली, ती अर्थात अलीकडची आहेत.

ए. एम. डी. कंपनीच्या रायझनमध्ये आणखी एक मेख आहे. सात हजारांच्या मालिकेत पहिला आकडा विक्रीचे वर्ष दाखवतो, आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२० यू आणि रायझन ५ ७५३० यू दिसायला सख्खे भाऊ. पण ७५२० ची रचना २०१९ साली आलेली आहे, ७५३० ची त्याच्या पुढची. डब्यावर हा आकडा बारीक छापलेला असतो. चष्मा न्यावा.

जुना लॅपटॉप घ्यावा की नाही, असे बरेच जण विचारतात. घ्यायला हरकत नाही, पण एक तारीख ध्यानात असू द्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चौथ्या-सहाव्या पिढीची जुनी यंत्रे ‘कंपनीतून निघालेला माल’ म्हणून स्वस्तात मिळाली तर त्याचे नवल नाही. पुसून, स्टिकर लावून नव्यासारखी दिसतात. लिनक्स टाकून वाचन किंवा प्रोग्रामिंगला ती चालतात. टॅलीवाल्याच्या कामाची नाहीत. आठव्या पिढीच्या पुढचा, दुकानाच्या लेखी हमीसह मिळाला आणि बॅटरी नवी टाकून दिली, तर विचार करावा.

येथे एक गोष्ट बोलून ठेवतो, कुणी राग मानू नये. काही घरांत मुलाला नवा लॅपटॉप आणि तेच शिक्षण घेणाऱ्या मुलीला ‘मोबाइलवर भागव’ असे चालते. मोबाइलवर एक्सेलचा ताळेबंद किंवा पंचवीस पानांचा प्रकल्प लिहून पाहावा, म्हणजे कळेल.

गेमिंग लॅपटॉपचा हट्ट पोरे धरतात. तो जड असतो, बॅटरी लवकर संपते, गरम होतो. वजनदार त्रिमिती चित्रकाम किंवा तत्सम काम तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागले तर लागते, तोवर कॉलेजची प्रयोगशाळा असते. रोज बसने जाणाऱ्या मुलीच्या पाठीला दीड किलो आणि अडीच किलो यातला फरक लगेच कळतो.

विजेचे म्हणाल तर लॅपटॉपला भार फार नाही. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण ताकदीने पंधरा तास चालला तर एक युनिट. चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाची भीती नाही. भीती आहे ती झटक्याची आणि वळवाच्या विजेची. ढग गडगडू लागले की पिन काढून ठेवावी. पत्र्याच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर बहुधा घरात अर्थिंग नाही, वायरमनला दाखवावे. बॅटरी वॅट-अवरमध्ये पहा, ५० च्या आसपास असली तर लिहिण्या-वाचण्याला पाचेक तास मिळतात. डब्यावरचे बारा तास विसरा.

मोठा शत्रू म्हणजे आपला मे महिना. बहुतेक कंपन्या ३५ ते ४० अंशांपर्यंतच यंत्र वापरा म्हणतात, आणि वर्धा ४५ च्या पुढे जाते. टिनाच्या खोलीत दुपारी, गादीवर ठेवून, चार्जर लावून चालवला तर बॅटरी दोन वर्षांत म्हातारी होते. लाकडी पाटावर ठेवावा. कूलरच्या थेट तोंडाशी नको, तिथे ओल असते. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, ती चालू करून घ्यावी.

दुरुस्तीला नागपूर गाठावे लागले तर जाण्या-येण्यात दीडशे किलोमीटर आणि एक दिवस मोडतो. म्हणून घरपोच सेवेची वॉरंटी आपल्या गावच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

पैशाबाबत दोन शब्द. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीत लपलेले असते; रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून पहा. शैक्षणिक कर्ज काढणारच असाल तर बँकांच्या नमुना योजनेत अभ्यासाला आवश्यक संगणकाचा खर्चही धरता येतो. त्याचे दरपत्रक अर्जासोबतच जोडा, कर्ज मंजूर झाल्यावर जोडणे अवघड जाते.

आणि दुकानातून निघण्यापूर्वी यंत्र चालू करून सेटिंगमध्ये प्रोसेसर, रॅम बिलाशी जुळतात का ते पहावे, सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा, बिल मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करावे.